आठशेची खूण

पुलाखालून ट्रॅक सुरू होतो तिथं
वनविभागाचा पिवळा बोर्ड: झाडे तोडू नये.
बोर्डाच्या भोकात रोज कुणीतरी
चावलेली कडुनिंबाची काडी खोचून जातं.

साडेपाचला नाड्या बांधते
तेव्हा गोदावरी दिसत नाही,
वासानं कळते.
जलपर्णी, ओली राख,
आणि पुढं नाल्याचा तो टप्पा
जिथं श्वास धरून पळायचं.
माझा प्राणायाम तेवढाच.

डॉक्टर म्हणाले होते, चाला.
पळा असं कुणीच म्हणालं नव्हतं.
एकदा कुत्रं मागं लागलं
आणि कळलं, गुडघे अजून माझं ऐकतात.
पळते म्हणजे काय,
मला बघून टिटवी उडत नाही,
दोन पावलं बाजूला होते.

"मॅडम, कोण लागलंय मागं?"
बाकावरून चरणसिंग गाडीवाले विचारतात.
"शुगर," मी म्हणते.
"मग पळा. ती लई चालू आहे."
हेच बोलणं, आठवड्यातून चार वेळा.

करंज संपले की बाभळी लागतात.
भादव्यातल्या पुरानं त्यांना बांधलेल्या कॅरीबॅगा
अजून दोन पुरुष उंचीवर फडफडतात.
तिथवर पाणी होतं.
म्हणजे मी आत्ता नदीच्या तळातून पळते आहे,
कोरड्या पायांनी,
डाव्या बुटात एक खडा घेऊन.

भरतीची पोरं धाड धाड करत पुढं जातात.
त्यांच्या मागून, एकटीच, दैवशाला गजभारे.
भावाचे बूट, पुढं कापूस कोंबलेले.
त्या दिवशी ती थांबली.
हातात मोबाइल दिला,
काच तडकलेली, घड्याळ चालू.
"आठशे मारते. तुम्ही खुणेपाशी उभ्या राहा.
मी आले की दाबा."

उभी राहिले.
सिमेंटवर पांढऱ्या रंगात ८००,
दुसरा शून्य पहिल्यापेक्षा लहान.
नदीवर उजेड आला.
खंड्या तारेवर बसला, उडाला, पुन्हा बसला.
वळणावर तिची वेणी दिसली, मग ती.
तोंड उघडं, मुठी आवळलेल्या,
आणि माझा अंगठा काचेवर
असा थरथरत होता
जसा स्वतःच्या रिपोर्टाच्या पाकिटावरसुद्धा थरथरला नव्हता.

मी जरा आधीच दाबलं.
मुद्दाम? माहीत नाही. दाबलं.

ती कमरेत वाकली, धापत म्हणाली, "किती?"
"दोन अठ्ठावन्न."
तिनं माझ्याकडं बघितलं.
"मॅडम, खरं सांगा."
"तीन मिनिटं. एखादा सेकंद वर."
"मैदानावर साहेब असं दाबणार नाहीत."
रागावली नव्हती.
दुकानात सुटे पैसे परत मोजून द्यावेत
तसं म्हणाली.

मग बुटाच्या टाचेनं खुणेवर टकटक केलं.
"आणि हे आठशे खोटं आहे.
पुरात जुनी खूण गेली.
ठेकेदाराच्या माणसानं अंदाजानं रंगवलं.
मी दोरीनं मोजलंय.
खरं तिकडं आहे, वाकड्या करंजापाशी.
इथवर आठशेतीस भरतंय."

म्हणजे ती तीस मीटर जास्तीचं पळत होती
पूर आल्यापासून, रोज.
"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"
"कशाला? इथं जास्तीचं पळलं
तर तिथं कमी वाटंल."

आणि मी? मीही पळत होते की,
वहीत आठशे आठशे लिहीत,
दर फेरीला तीस मीटर
कुठल्याच हिशोबात नसलेले.

तिनं मोबाइल पुसला, पुन्हा माझ्या हातात दिला,
आणि परत निघाली सुरुवातीकडं,
चालत, कमरेवर हात ठेवून.
वाटेत चरणसिंगांनी तिला काही विचारलं,
ती हसली, ते लांबून दिसलं.

मी बूट काढून खडा झाडला.
बाजरीएवढा होता.
मग ८०० वर उभी राहिले,
आणि सरकले
वाकड्या करंजापाशी.