टाकीखालची टाकी

मेडिकलवाल्या काळपांड्यांनी जुनं काउंटर मोडलं
तेव्हा काच मीच उचलली.
सहा मिलिमीटर. एका कोपऱ्यात
खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीतला अर्धा हसरा मुलगा.
ब्लेडनं खरवडला, निघाला नाही.
आता तो पहिल्या आडभिंतीत आहे, पाण्याच्या रेघेच्या वर.

दर्यापूरच्या रस्त्यावर बावीस वर्षं फ्रेमा करतो मी.
लग्नातले, गेलेले, दहावीत पहिले आलेले,
सगळ्यांपुढं काच लावली,
काचेमागं पाणी कधी धरलं नव्हतं.

वर मासे राहतील, ते सगळे बघतील.
हा सम्प स्टँडच्या पोटात, अंधारात.
वरून सांडलेलं पाणी आधी मोज्यात गाळायचं,
मग एका भिंतीवरून, दुसरीच्या खालून, तिसरीवरून,
म्हणजे बुडबुडे वाटेतच दमतात
आणि शेवटच्या कप्प्यातला पंप
निवलेलं पाणी पुन्हा वर नेतो.
मोटरवाइंडिंगवाला रुपराव वाकून बघत म्हणाला,
‘तहसीलीतली फाइल हाय बावा हे.
ह्या टेबलावरून, त्या टेबलाखालून.’

सिलिकॉन वाळेस्तोवर घरभर आंबट वास.
मिठाचं पोतं नागपूरहून आलं. रुपरावनं बोट बुडवलं, चाटलं:
‘हे त आपल्या बोअरचंच पानी!
मंग पैसे कायले घातले?’

हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या काठानं
जिथं खोदाल तिथं खारं; साबण फेसत नाही, चहा फाटतो.
मी बोअरचं पाणी हायड्रोमीटरमध्ये भरलं,
काटा जागचा जेमतेम उठला.
‘मीठ मिठासारखं नसते, रुपराव. समुद्राचं येगळं.’
समुद्र मीही पाहिलेला नाही,
पण ठासून बोललो.

वच्छला काही बोलली नाही.
आठ दिवसांनी येणारं नळाचं गोडं पाणी,
तिनं भरलेल्या ड्रमातून मी ऐंशी लिटर काढलं
आणि तिच्यासमोर त्यात मीठ ओतलं.
या गावात लोक पाण्यातलं मीठ काढायला मशीन घेतात.

शुक्रवारी पंप लावला.
अर्धा तास सगळं कसं फिरत होतं!
मग लाइट गेली. पंप थांबला,
पाणी थांबलं नाही.
ज्या पाइपानं वर गेलं त्याच पाइपानं उलटं उतरू लागलं,
सम्प काठोकाठ आला, कडेवर जरा थरथरला,
मग फरशी, उंबरा, अंगण.
मधली पोरगी चपला हातात घेऊन ओरडली,
‘समुद्र आला!’
मी फडकी शोधत होतो. आधी मोबाइलच्या उजेडात मोबाइल शोधला.

वच्छला दारातूनच म्हणाली,
‘पाइप वर घे, पाण्याच्या भाईर. थांबते मंग.
दर बुधवारी ड्रमातून तोंडानं ओढतो मी,
मले म्हाईत नाई का?
त्याले हवा भेटली पायजे. जरासं भोक पाड तिथं.’

फ्रेमेच्या हुकांसाठी जो तीनचा ड्रिल वापरतो, त्यानंच,
वरच्या पाण्याच्या पातळीखाली अर्धं बोट,
एक भोक पाडलं.
सम्पवर मार्करनं रेघ मारली: इथवर.

अंगणात सकाळी पांढरं फुललं होतं.
कुणी विचारलं नाही, जमीन इथं तशीही फुलते.

अजून मासा नाही. महिनाभर नुसतंच पाणी पिकू द्यायचं असतं.
रिकाम्या टाकीपुढं पोरं पाटावर बसतात, दगड बघतात.

काल बाराच्या सुमारास लाइट गेली.
पंखा मंदावला, आणि खाली पाणी उतरू लागलं.
मी अंधारात मोजत होतो.
अकरा, बारा,
तेराला त्या भोकानं घोट घेतला, गुर्र करून,
आणि घर एकदम ऐकू येईनासं झालं.

‘तेरा,’ वच्छला म्हणाली, कुशीवर वळत.
‘उद्या बुधवार. ड्रम घासून ठेव.’