बारा आडवं

कुर्ला कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सकाळी पेपरातलं कोडं काचेवर पालथं घालते,
एकशेएक्केचाळीस टक्के, पुन्हा एकशेएक्केचाळीस,
चौकोन बिस्किटाएवढे झाले की भिंतीवर चिकटवते
लॅमिनेशनच्या दरपत्रकाशेजारी.
पेन्सिल दोऱ्याला बांधलेली.
दोन चोरीला गेल्या. कोर्टासमोर.

पहिलं नेहमी सोपं असतं:
‘चहा असा, उलटा केला तरी तसाच.’
हवालदार शेळके एका पोराला हाताला धरून आत नेत होते.
पोरगाच म्हणाला, कडक.
शेळक्यांनी थांबून, त्याच्या वतीने, लिहिलं.

‘वारा फिरला आणि पोपट झाला.’
यावर अर्धी सकाळ गेली.
सुरवाडे वकील म्हणाले, ही तर माझ्या अशिलाची कैफियत.
फिलोमिना मावशी गावठाणातून आलेल्या,
प्रॉपर्टी कार्डाच्या सात प्रती, सातही नीट मोजून घेत:
‘फिरला म्हणतो ना, मग फिरव की.’
वारा. रावा.
आठवी प्रत मी फुकट दिली.

टिपणीस अडतीस वर्षं मुद्रितशोधक,
खोलीचा खटला एकोणीस.
‘मुंबईतलं ठिकाण उलटवा, थोरवी कळेल.’
माहीम, म्हणाले लगेच, पण मी लिहू देणार नाही.
माहीमची दुसरी वेलांटी, महिमाची पहिली.
कोडं रचणाऱ्याने फिरवाफिरवीत ऱ्हस्वदीर्घ सांडलं.
चौकोनाच्या कडेला बारीक फुली केली
आणि माझ्याकडे पोस्टकार्ड मागितलं.

‘नदी उलटली की माणूस होतो असा.’
दोन अक्षरं, मी म्हटलं.
बाकावर जुलेखा, क्रांतीनगरची,
मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद.
अर्धे कधीतरी पाण्यातून काढून दोरीवर वाळवलेले,
प्रत कितीही फिकी काढा, डाग येतोच.
भिंतीकडे न बघता म्हणाली,
नदी उलटते तेव्हा आधी मोरीतून वर येते.
मग चूल जाते. मग माळ्यावर सहा जण आणि शेजाऱ्याची बकरी.
मग सकाळी लोक येऊन बिस्किटं वाटतात.
टिपणीसांनी हळूच लिहिलं: दीन.
तिने वाचलं.
तसं काही नाही, म्हणाली,
पण घरात बसतंय तर असू दे.

उरलं बारा आडवं. तीन अक्षरं, मधला ‘का’ आलेला:
‘आणि, त्याला जोडून आदला दिवस. लागता लागत नाही.’
टिकाव, म्हणाले सुरवाडे.
त्यात दिवस कुठाय, म्हणाले टिपणीस.
ठिकाण, कुणीतरी. पण त्यालाही अर्थ नव्हता.
शेळके परत येताना उभ्या उभ्या एकदा वाचून गेले.
आतून पुकारे होत राहिले.
चारनंतर एकेक जण आपापली तारीख घेऊन बाहेर आला,
जुलेखाला अकरा मार्च, टिपणीसांना थेट जून,
आणि जाता जाता प्रत्येकाने भिंतीकडे बघितलं,
काही सुचलं का, विचारलं,
नाही म्हटलं तर बरं वाटल्यासारखं गेले.

मला दोन वाजताच कळलं होतं.
पेन्सिल हातात घेतलीही होती.
इथे बसून आपण कसं लिहायचं ते, परस्पर?
मशीनवर कापड टाकलं. शटर ओढलं.
उद्या येईल नवं कोडं, नि
कालच्या कोड्याचं उत्तर तळाशी, उलटं छापलेलं.