कानातला खडा

हातमोजा काढ, टोबायस.
रबराला चरबी कळत नाही.
अंगठा इथे टेक, पाठीच्या पराखाली, आणि दाब.
खड्डा राहिला तर मासा परवाचा.
मांस उसळून वर आलं, तर त्याला अजून वाटतंय
आपण पाण्यात आहोत.

कल्ला उचल. चिरलेल्या बिटासारखा हवा,
विटकरी चालणार नाही.
मानेवरचा हा वळ जाळ्याचा. एकच आहे,
म्हणजे सोडवणारा माणूस घाईत नव्हता.
कुशीवर गुलाबी झाक आली असेल
तर हळद लागली म्हण त्याला,
खालच्या दराच्या टबात टाक.

तुझ्या कागदावर लिहिलंय: रानचा, कॉपर नदी, पहिला दर्जा.
कागद काय, काहीही सोसतो.
मीही एकदा सही केली होती
दुसऱ्याच खाडीच्या माशांवर, सहा टब.
तेव्हापासून कानाला खडा.

सुरीच्या टोकामागे ही पांढरी रेघ दिसते?
चरबी म्हणतात तुमच्याकडे. शिदोरी आहे ती.
मुखापासून तीनशे मैलांचा चढ,
बर्फाचं पाणी, दगडाचं पीठ कालवलेलं,
आणि वाटेत एक घास नाही.
नदी जितकी खडतर तितकी शिदोरी जाड.
सिएटलला लोक डोळे मिटून खातात
ती न चाललेली वाट.
तिचाच भाव.

हा कुणाचा? आर्विडच्या बोटीचा?
किंग. बावीस पौंड.
बघ, सगळे गप्प झाले,
बर्फ फोडणारा डान्टेसुद्धा.
काढ, फोटो काढ.
आता शेपटीच्या अलीकडे पाठीवरून बोट फिरव.
तिथे करंगळीच्या नखाएवढा एक पर असतो,
फारसा कुणाच्या लक्षात न येणारा.
नाही ना?

कापलाय.
हा बोटाएवढा असताना, कुणीतरी, कात्रीने,
दक्षिणेकडच्या कुठल्यातरी सिमेंटच्या हौदाशी उभं राहून,
दिवसाला हजारो.
नाकात तारेचा तुकडा असेल, केसाइतका, आकडा कोरलेला.
त्यानंतर चार वर्षं समुद्र,
सील, व्हेल, आर्विड.

आता सांग, रानचा की घरचा?
कायदा म्हणतो रानचा.
तुझा मालक म्हणेल, पाठ खाली करून ठेव.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
हा जन्मभर तेच विचारत येतो.
आणि माझं कूळ म्हणशील, तर
आग्राफेना हे नाव रशियन पाद्र्याचं,
आडनाव नॉर्वेच्या बोटीवरून उतरलेलं,
गालाची हाडं आईच्या बेटावरची,
जिथलं गाव एका संध्याकाळी लाटेने नेलं.
माझा कुठला पर कापलाय
ते मीही चाचपते कधी कधी, आंघोळ करताना.

लिही: किंग, पहिला दर्जा, पर नाही.
हो, तसंच लिही.
कमी देतील तर देऊ देत.

याचं डोकं प्रयोगशाळेला, पिशवीत, चिठ्ठीसकट.
बाकीची डोकी आमची.
पिकतं तिथे विकत नाही, पण शिजतं.
डोक्यात, कानाच्या आत, एक खडा असतो
तांदळाच्या कणीएवढा,
त्यावर कडी, हिवाळ्याची एक, उन्हाळ्याची एक,
आणि अगदी मधोमध
पहिल्या ओढ्याचं पाणी, दगड होऊन.
तुमचा मासा विमानाने जातो, बिनडोक्याचा, लेबल लावून.
साक्षीदार इथे राहतो,
बटाट्याच्या रश्श्यात.

रात्री जेवताना दाताखाली कचकन येतो.
नवरा थुंकतो.
मी जिभेवर ठेवते थोडा वेळ.
चव काहीच नसते.

चल, पुढचा टब ओढ.
नको, हातमोजा राहू दे.