मागं घ्या

सड्यावर रस्ता नसतो, नुसता जांभा असतो
आणि जांभ्याला घाई नसते.
तो गुडघाभर गवतात बसून होता,
मी पहिल्या गिअरमध्ये, फार तर दहाच्या स्पीडनं,
समोरच्या डोंगराकडं बघत.

आवाज काही मोठा नाही आला.
फरशीवर कुणी कढई टेकवावी, तेवढाच.
उतरून पाहिलं तर बंपर डावीकडून आत,
टोक टायरला टेकलेलं,
एक फॉग लॅम्प आभाळाकडं बघणारा.
जांभ्यावर पांढरा ओरखडा. बस्स.

गगनबावड्यापासून प्रत्येक डाव्या वळणाला
रबर जळाल्याचा वास.
कळ्यात चहाला थांबले तीही
रस्ता ओलांडून, उजवीकडच्या टपरीवर.
तिथूनच विम्याला फोन.
'गाडी रस्ता सोडून गेली होती का?'
'तिथं रस्ता नव्हता.'
'मग बसत नाही, मॅडम.'

उद्यमनगर. लेथखाली कुरळ्या कातरणांचा ढीग,
जळक्या ऑइलचा वास, कुठंतरी ग्राइंडर किंचाळतोय.
रियाज शिकलगार पाठीवर गाडीखाली सरकला,
पाय तेवढे बाहेर,
आणि बराच वेळ बोललाच नाही.
गंजल्या बोल्टांवर डिझेल सोडलं.
सुतळी ताणली या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
मग उलट बाजूनं.
दोन्ही सुतळ्या शेजारी धरल्या :
एक बोटभर लांब.

'हे आजचं न्हाई, बाई.'
खालून हात आला, नखात काळा रंग खरवडलेला.
'चेसिसला आत टाका हाय. जुना.
आमच्या अब्बांचा हाय त्यो.'
कशावरून?
'डावखुरे हुते. त्यांची वेल्डिंग उलटी चालायची.'

मी गुडघे टेकून, मान वाकडी करून पाहिलं.
रंगाखाली लोखंडाची लोखंडाला शिवण,
खवल्यावर खवला, उजवीकडून डावीकडं निघालेली.
आणि उदयदादानं जीप विकताना
'एक ओरखडा नाही, आईशप्पथ' म्हणून
दहा हजार वर घेतले होते माझ्याकडून.

जुन्या लेथचा बेड जमिनीत गाडलाय तिथं.
साखळीचं एक टोक त्याला, दुसरं बंपरला.
रियाज म्हणाला, 'तुम्हीच बसा. तुमचं ऐकती ती.
मागं घ्या.
दमानं.
अजून.
अजून जरा. थांबा, थांबा की!'
साखळी ताठ झाली, बोनेट थरथरलं,
त्यानं हातोडा दोनदा घातला, नेमका,
आणि बंपर कण्हत कण्हत बाहेर आला,
पूर्ण नाही.

'जुना टाका घासून नवा मारायचा का?' मी विचारलं.
त्यानं टॉर्च परत आत मारला.
'कशाला? धरलाय की त्यो.'
मग त्याच्या कडेकडेनं प्रायमर लावला,
टाक्याला ब्रश लागू न देता.

अठराशे झाले. देताना म्हणाला, 'थांबा जरा,'
आणि पत्र्याच्या कपाटातून वही काढली,
पानं तेलानं पारदर्शक झालेली.
बोट खाली खाली गेलं आणि अडलं :
दोन हजार तीन. उदयसिंह इंगवले. जीप.
अडीचशे बाकी.
समोर दस्तगीरभाईंची सही, तीही डावीकडं कललेली.
मी दोन हजार पन्नास मोजले.
त्यानं ओळीवर काट मारली, पेन झटकून, दोनदा.

रात्री पुण्याला फोन लावला.
'वेल्डिंग? कुठली वेल्डिंग?'
मग नुसता श्वास. मग एकदम हळू आवाजात,
चोपन्न वर्षांचा माणूस :
'आईला सांगू नको हं.'

दोघंही गप्प झालो.
आईला जाऊन सहा वर्षं झाली.

बंपर अजून डावीकडं पाव इंच वर आहे,
नंबरप्लेट जरा तिरकी.
सकाळी दुधाला म्हणून बाहेर पडले
आणि राजारामपुरीत डावीकडं वळले.
काम नव्हतं तिकडं.
पुढच्या चौकात परत डावीकडं.