एक जागा सोडून

यादी मागितलीस ना, रेवती, घे लिहून.

अंबाझरीला जा, पण भिंतीवरून नको,
तिथे माणसं वजन कमी करायला येतात
आणि फार मोठ्यानं बोलतात.
मागच्या अंगानं जा, जिथे पाणी उथळ होत होत
गवतात विसरून जातं.
जांभळी पाणकोंबडी तिथे चालते
लग्नाला उशीर झालेल्या मावशीसारखी,
पाय उचलून, चिखलाला नावं ठेवत.
त्याच भागातल्या कारखान्यात मी एकतीस वर्षं
तोफगोळ्यांची आवरणं मोजली.
दर पाळीला आकडा जुळायलाच हवा.
रविवारी तलावावर तो कधीच जुळला नाही.
फार बरं वाटायचं.

सेमिनरी हिल्स, मे सरता सरता.
नवरंग येतो. दिसत नाही.
दोन सुरांची शीळ, मग पाचोळा हलतो,
मग काही नाही.
तासभर काही नाही.
पाणी जास्त ने.

भांडेवाडी कोणी सांगणार नाही, मी सांगतो.
नाकाला ओढणी बांध. कचऱ्याच्या डोंगरावर
नेपाळी गरुड पाहिलाय मी, भर थंडीत,
फाटक्या गादीवर बसलेला.
भंगार वेचणाऱ्या दुर्गाबाईला त्याचं वेळापत्रक पाठ.
'दहाच्या पह्यले नाई उठत बाप्पा, साहेब हाये तो!'
खरंच, दहा वाजून गेल्यावर उठला.

पारडगावच्या तलावावर जानेवारीत पट्टकादंब.
हिमालय ओलांडून येतात
आणि रात्री हरभऱ्यात शिरतात.
मग कोणीतरी पत्र्याचा डबा बडवत धावतो.
कोणाची बाजू घेऊ नकोस. उभी राहा.

माळ पाहायचा तर उमरेड रोडला कुठेही उतर.
चालू नको, थांब.
एखादं ढेकूळ पळायला लागलं
की समज, तो धाविक.
हल्ली तिथे प्लॉटचे चुना मारलेले दगड आहेत,
तो त्यांच्यामधून पळतो
सातबारा न वाचता.

झालं. आता पेन ठेव.

एक नाला आहे.
कुठल्या गावचा, ते नाही सांगत.
मंगरू उईके तिकडे गुरं चारायचा.
एका फेब्रुवारीत मला घेऊन गेला,
समोरच्या काठानं, चपला हातात घेऊन.
दरडीच्या खोबणीत शृंगी घुबड.
नारिंगी डोळे, आणि पोटाखाली
पिंजलेल्या कापसाचे दोन बोळे, श्वास घेणारे.
'पाहून घ्या,' तो म्हणाला, 'पण नेऊ नका.'
मला वाटलं, पिल्लांबद्दल बोलतोय.

घरी आलो आणि चार जणांना सांगितलं.
चांगल्या माणसांना. पक्ष्यांवर जीव असलेल्या.
त्यांनीही चांगल्याच माणसांना सांगितलं असणार.
तिसऱ्या रविवारी सात गाड्या.
खोबणीपुढचं झुडूप कोणीतरी छाटलं होतं,
फांदी मध्ये येत होती म्हणून.
'हात नाही लावला कोणी,' सगळे तेच सांगत होते.
खरंच नव्हता लावला.
मार्चचं ऊन तेवढं आत गेलं.

मंगरू भांडला नाही.
नाल्यावर भेटला तेव्हा
गुरांकडे बघत एवढंच विचारलं,
'फोटो तं चांगला आला ना?'

आला होता. माझ्याकडे आहे.
कपाटात, उलटा ठेवलेला.

त्या रस्त्यानं संध्याकाळी परतताना
अजूनही कधीतरी घोगरा हुंकार येतो,
एक आखूड, एक लांब.
मी गाडी थांबवत नाही.
काच खाली करतो, बस.

तुझी यादी पूर्ण आहे, रेवती. पुरेल वर्षभर.
पांढरा कुर्ता घालू नकोस.
आणि तुला कधी एखादी जागा सापडली,
अगदी तुझी तुला,
तर मला फोन करून सांगशील,
मला माहीत आहे तुझा स्वभाव.
सांगू नकोस.