सुकती

मॅनेजरनं नाव सुचवलं होतं, गोल्डन मेलडीज.
मी म्हटलं, सुकती.
ओहोटीला आमच्याकडे हेच म्हणतात.
पाणी उतरतं आणि दिसायला लागतात
कुणाची एक चप्पल, खुब्यांची टरफलं,
नांगराचा तुटका दात,
आणि नदीला तळ होता, हेसुद्धा.
मॅनेजर म्हणाला, ऐकायला उदास वाटतं हो.
तेवढ्यात चहा आला,
आणि फॉर्मवर सुकतीच राहिलं.

डिचोलीत, बाजाराच्या मागं, शिवणक्लासच्या वर
दहा बाय बाराची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, ट्रेंवर गोणपाट.
खाली साडेआठपर्यंत मशिनी चालतात
म्हणून माझी वेळ नऊची.

एकवीस वर्षं मी बार्जवर वायरलेस धरला.
सारमानस ते मुरगाव, पोटात लाल माती.
खाणी बंद पडल्या तेव्हा
बार्ज आमोण्याला बांधून ठेवली,
मला घरी.
घशात एक 'ओव्हर' तेवढं राहून गेलं.
अजून बायकोला विचारतो, पाव आणू का,
आणि वाक्य संपल्यावर उभाच राहतो.
ती म्हणते, म्हणा एकदाचं ओव्हर, नि जावा.

पहिली रात्र.
सावियोनं काचेपलीकडून बोट वर केलं.
नमस्कार, मी दुर्गादास हळर्णकर, म्हणालो
आणि उत्तराची वाट पाहत राहिलो.
सावियोनं बोट गरागरा फिरवलं. बोल, बोल.

गाणी सगळी कॉम्प्युटरमध्ये होती, स्वच्छ.
टेबलावर मी तरी चार कॅसेटी मांडलेल्या,
बुरशी कापसानं पुसून,
एकीत कुणाच्या लग्नातला मांडो
आणि त्यामागं बश्यांचा आवाज.
तीन गाणी झाली. फोन गप्प.
नऊ बावीसला वाजला.

केरीहून बोलते. सत्यवती गावस.
काय लावू, बाय?
गाणं नको. तुझी गाणी बरी आहेत,
पण फार धुतलेली.
आमच्याकडे ती अशी येत नव्हती.
आमचो घोव रेडिओ घेऊन फणसाखाली जायचा,
वायर फांदीला, एक पाय दगडावर.
जरा हलला की गाणं जायचं.
मी चुलीकडून ओरडायची, तसोच राव!
ती खरखर लाव मला.
गाणं सापडायच्या आधीची.

सावियोनं काचेवर दोन्ही हात आपटले. नाही. नोटीस येईल.

कपाटावर एक ट्रान्झिस्टर होता, शोभेचा,
अध्यक्षांच्या सासऱ्यांचा.
सावियोच्या टॉर्चमधले सेल काढून त्यात घातले,
दोन स्टेशनांच्या मधल्या ओसाडीत काटा नेला
आणि धरला माईकसमोर.

बार्जवर रात्री मी हीच ऐकत बसायचो.
सगळे झोपलेले, आग्वादचा दिवा फिरतोय,
आणि पलीकडचा कुणी बटण दाबायच्या आधी
श्वास घेतो,
तो ऐकू यायचा. देवाशपथ यायचा.
तांडेल हसायचा मला.

एक मिनिट गेलं. दीड.
पंखा बंद, कानामागून घाम.
मग फोनमधून, अगदी हळू,
तसोच राव.
कुणाला म्हणाली, मी विचारलं नाही.
हात भरून आला होता.
हललो नाही.

नंतर पिळगावहून एकाचा फोन आला,
तुमचं स्टेशन बिघडलंय, आधी दुरुस्त करा.
हो म्हटलं.

शेवटी सावियो वही घेऊन बसला, नियमाप्रमाणं.
गाणी चार. खरखर, दोन मिनिटं, फर्माईश.
गायकाच्या रकान्यात काय लिहू, म्हणाला, चिडूनच.
मी सांगितलं, लिही, गावस, केरी.
त्यानं लिहिलं.
मग सेल नसलेला टॉर्च हातात धरून
भिंत चाचपत जिना उतरला,
प्रत्येक पायरीला मला शिव्या देत.