पाटी

उद्यमनगरात, भंगाराच्या काट्यावर
सव्वादोन किलो भरली.
अत्तार म्हणाला, न्या कंडक्टर, पैसं नकोत,
तुमच्याच हाताखालची दिसत्या.
खरंच. डाव्या कडेला अंगठ्याएवढा
रंग उडालेला, तो माझा.
दिवसातून चौदा वेळा
काचेमागच्या खाचेतून ओढायची, उलटायची, सारायची.
खळ्ळ. वडणगे.
खळ्ळ. गंगावेश.

अक्षरं दस्तगीर पेंटरची.
वर्कशॉपमागं जुन्या टायरवर बसून काढायचा.
‘ड’चं शेपूट गरजेपेक्षा लांब सोडायचा.
म्हणायचा, गाडी वळली तरी दिसाय पायजे.

हौसाक्काला वाचता येत नव्हतं.
सकाळी खरवस विकून दीडच्या उन्हात
रिकामं पातेलं उपडं डोक्यावर घेऊन उभी.
समोर पाच गाड्या, पाची धुळीच्या रंगाच्या,
आणि चढायची बरोबर माझ्यात.
कसं वळखतीस गं?
“पयल्याचं पोट, दुसऱ्याचं शेपूट,
मग खांबाला टेकलेला पाळणा,
शेवटाला तुरंवाला कोंबडा.
झालं की आमचं गाव.”

एका शिमग्यात दस्तगीर शिडीवरनं पडला.
मनगट गेलं. नवी पाटी दुसऱ्यानंच रंगवली,
सुबक, मापात, शेपूट आखूड.
चल आक्का, म्हटलं.
“न्हाई. ही आमची न्हवं.”
मी घंटी मारली.
फेरी करून आलो तर तिथंच, पातेल्याच्या सावलीत.
शेवटी पानपट्टीवाल्याकडनं चुन्याचं बोट घेतलं,
खाली उतरलो
आणि शेपूट वाढवलं.
चढली. तिकीट घेतलं. वर म्हणाली,
“मघाशीच काढाय काय झालं हुतं?”

मग दिव्यांच्या पाट्या आल्या.
लाल ठिपके, एकामागं एक, पळणारे.
हौसाक्काची मान उजवीकडनं डावीकडं,
पुन्हा उजवीकडं.
“गाव पळतंय की रं हे. थांबंल तवा बसतो.”
तेव्हापासून मी दारात लोंबकळून
गावाचं नाव ओरडायचो, तिच्या एकटीसाठी.
मी रिटायर झालो. पुढं कोण ओरडलं,
मी विचारलं नाही.

रविवारी पाटी पिशवीत घालून वडणग्याला गेलो.
डोळ्यांत आता मोतीबिंदू. तिनं बोट फिरवलं:
पोट. शेपूट,
तिथं जरा जास्त वेळ.
पाळणा. कोंबडा.
मग पाटी उलटी केली.
ही बाजू तिनं कधी बघितलीच नव्हती;
गावातनं एकच गाडी सुटते,
ती कुठं जाते ते कोण वाचत बसतंय?

“ही टिकलीवाली कोण?”
गंगावेश, म्हणालो.
“मंजी चाळीस वर्सं
मी हिच्याकडं जात हुतो व्हय!”

येताना बघितलं,
खुराड्याच्या तोंडाला पाटी उभी केली होती,
टिकली बाहेर,
आणि कोंबडा आत.